शुभेच्छुक

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुकानात दिवसभर वाढदिवसच होते. गॉगलवाले, फोन कानाला लावलेले, हात जोडलेले. मी त्यांच्या मागची भिंत कापते, तिथे उगवता सूर्य टाकते आणि खाली शुभेच्छुकांचे छोटे गोल फोटो लावते. मुरबाडच्या स्टँडसमोरचं फ्लेक्सचं दुकान. मालक बुद्धभूषण सर आणि मी, बी.ए. मराठी. ही वही कथेसाठी घेतली होती. कथेची एकच ओळ झाली, तीही खोडली. म्हणून आता डायरी.

घरी आले तर दादा ओट्यावर बसून एकटाच हसत होता. भगीरथ दादा, माझा मोठा भाऊ. आयटीआयचं सुतारकाम शिकलेला, कल्याणला किचनची कपाटं बसवतो. त्याचं मलेशियाचं ठरलं. फर्निचरचा कारखाना. कल्याणचे हरेश सर म्हणून कोणी आहेत, ते नेणार. त्यांचे पैसे तिकडच्या पगारातून कापणार.

"आणि व्हिसा?" मी विचारलं.

"तोच तर पॉइंट हाय निशे. मलेशियाला इंडियावाल्यांना व्हिसाच लागत नाय. फ्री केलाय त्यांनी. फक्त एअरपोर्टवर सांगायचं, फिरायला चाललो."

आई चुलीपाशी हसायला लागली. "तू? फिरायला? सिद्धगडाला गेलास तो पन करवंदं आनायला."

७ फेब्रुवारी

दुकानाच्या कॉम्प्युटरवर शोधलं. खरंच आहे. तीस दिवस व्हिसा लागत नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की या मुदतीत नोकरी करता येणार नाही. अशी बारीक अक्षरं सगळीकडेच असतात. आमच्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात पण परवानगी क्रमांक असतो, तो कोण वाचतं.

११ फेब्रुवारी

जैतू फ्लेक्सची ऑर्डर घेऊन आला. जैतू म्हणजे दादाचा शाळेपासूनचा दोस्त, धसई-मुरबाड मॅजिक गाडी चालवतो. दादा नको म्हणत होता.

"नको कसा? दहावी पास झालेल्या पोराचा लागतो, बैल शर्यतीत पयला आला तर बैलाचा लागतो. तू विमानात बसनार आन तुजा नाय लावायचा? पाड्याची इज्जत हाय का नाय?"

मी मन लावून केला. मागे दोन उंच टॉवर, वर विमान, मधे दादा लग्नातल्या कोटात. "अभिनंदन! अभिनंदन! आपल्या पाड्यातून पहिला परदेशात! भगीरथ भाऊ यांची मलेशिया येथे नोकरीसाठी निवड झाल्याबद्दल..." खाली पाड्यातली निम्मी पोरं शुभेच्छुक. जैतूचा फोटो सगळ्यात मोठा, त्याने तसं बजावूनच सांगितलं होतं.

फाट्यावर बांधला. सगळ्यांनी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढले. दादाने पण काढला, लाजत. आईने वर बघून पदर तोंडाला लावला. बाने चार पावलं मागे जाऊन फ्लेक्स वाचला आणि पुन्हा पुढे येऊन वाचला.

१४ फेब्रुवारी

आज दादाचं विमान. फ्लेक्सखालचा फोटो त्याने सकाळी स्टेटसला टाकलाय. घरात सगळे हळू बोलतायत, आजारी माणूस असल्यासारखे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी मी एका दशक्रियेच्या फ्लेक्सवर काम करत होते. दारात दादा. पाठीवर तीच बॅग. आत येऊन मशिनच्या मागे जमिनीवर बसला, बाहेरून दिसू नये असा.

"फाट्यावरचा फ्लेक्स काढ," म्हणाला. "तो निघेपर्यंत मी घरी येत नाय."

बुद्धभूषण सरांनी शिडी काढली, आम्ही दोघं त्यांच्या बाइकवर गेलो. मी दोऱ्या कापत होते आणि खालून माणसं विचारत होती, एवढ्यात का काढतेस गो, चार दिवस पण नाय झाले.

१६ फेब्रुवारी

आज त्याने सांगितलं, तेही आईने तीनदा विचारल्यावर.

एअरपोर्टवर ऑफिसरने विचारलं कशाला चाललास, हा म्हणाला फिरायला. ऑफिसरने फोन मागितला आणि स्टेटस उघडलं. फ्लेक्स. ऑफिसर आपलाच निघाला, त्याने मराठीत मोठ्याने वाचला, शुभेच्छुकांसकट. मग म्हणाला, "अभिनंदन. आता घरी जा. कामाचा व्हिसा काढून ये, मी स्वतः सोडतो." हरेश सरांची बाकीची दोन पोरं गेली. हाच राहिला.

"तुजा फ्लेक्स नसता तर आज मी तिकडं असतो," म्हणाला. ओरडून नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

नोकरीसाठी हा शब्द मीच टाकला होता, जैतूने नाही. त्याने फक्त निवड म्हटलं होतं. वाक्य अर्धवट वाटलं म्हणून मी पूर्ण केलं.

२ मार्च

कामाच्या व्हिसाचं विचारलं हरेश सरांना. म्हणे त्याला लई महिने जातात, कंपनी करत नाही. तिकडे गेलं की परमिट करून देते.

दादाला आता कोणी भगीरथ म्हणत नाही. जैतूने सुरू केलं. "काय मलेशिया, चाय घेनार?" धसईच्या बाजारात भाजीवाली पण म्हणाली, "मलेशियावाला भाऊस का गो तुजा? तिकडं वांगी मिलतात का?" बा तिथेच पोतं घेऊन उभा होता.

तो फ्लेक्स बाने शेळ्यांच्या गोठ्यावर टाकलाय. चेहरा आतल्या बाजूला केलाय. चांगला जाड कपडा आहे म्हणतो.

१३ मार्च, होळी

होळीला नावं घेऊन बोंबा मारतात, दरवर्षी. कोणाची बायको माहेरी गेली, कोणाचा बैल पळाला. यंदा सगळ्या पोरांनी मिळून एकच बोंब मारली, मलेशियाच्या नावाने. हात पसरून विमान करून होळीभोवती धावले. दादा हसला. सगळ्यांबरोबर धावला पण. मग नारळ न घेताच घरी गेला.

मी ठरवलंय. माझ्यामुळे झालं ते मीच निस्तरणार.

२१ मार्च

हरेश सर परत न्यायला तयार आहेत, पण म्हणतात पोरगं बोलायला कच्चं आहे. कच्चं राहणार नाही. मी शिकवते.

नुसतं फिरायला म्हणून भागत नाही, माणूस पण फिरणारा दिसला पाहिजे. मी एक माणूस तयार केलाय. नाव भगीरथ, पण आमचा दादा नाही. ह्याला समुद्र आवडतो. ह्याच्या बहिणीने पहिल्या पगारातून तिकीट काढून दिलंय, कारण दिवाळीनंतर ह्याचं लग्न आहे. फोनमध्ये अलिबागचे फोटो आहेत (आम्ही परवा जाऊन काढून आलो). सहा दिवस. हॉटेलचं बुकिंग, छापून. परतीचं तिकीट.

मी: कशाला चाललात?
दादा: फिरायला.
मी: काय बघणार?
दादा: समुद्र.
मी: समुद्र इकडे नाही का?
दादा: हाय की. मुंबईला... तू असं वाकडं विचारू नको ना.
मी: तो विचारणार. म्हण, तिकडचं पाणी निळं आहे.
दादा: तिकडचं पानी निळं आहे.
मी: पाणी.
दादा: पाणी. पाणी. निळं पाणी. आयला.
मी: काम काय करता?
दादा: कपाटं... नाय. दुकान आहे. भावाबहिणीचं. फ्लेक्सचं.
मी: हात बघू. एवढे घट्टे कशाचे?

हे मी ऐनवेळी घातलं. तो हाताकडे बघत बसला. मग म्हणाला, "जिमला जातो." आम्ही दोघं इतके हसलो की आई बाहेर आली.

एक नियम केलाय. काहीही झालं तरी शब्द बदलायचा नाही. एक बदलला की दुसरा बदलावा लागतो, मग सगळं उसवतं.

कथा जमत नाही म्हणून रडत होते ना मी. ही जमतेय.

४ एप्रिल

गेला. आत गेला. शिक्का बसला.

५ एप्रिल

फ्लेक्स नाही, स्टेटस नाही. पाड्यात सांगितलंय की पुण्याला कंपनीत लागला. जैतूने विचारलं, "मलेशिया पुन्याला कसा गेला रे?" हसू दे.

२२ एप्रिल

दादाचा व्हिडिओ कॉल. मागे फळ्यांची चळत, बारीक भुसा उडत होता. राहायलाही वरतीच आहेत, कारखान्याच्या माळ्यावर, म्हणजे येण्याजाण्याचा त्रास नाही. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलाय, हरवू नये म्हणून. बरं केलं, आमचा दादा विसरभोळाच.

मी म्हटलं टॉवरचा फोटो पाठव. म्हणाला, "बाहेर लई ऊन असतं गो." आमच्या दादाला ऊन लागायला लागलं, शहरी झाला.

४ मे

तीस दिवस झाले. हरेश सर म्हणतात परमिट प्रोसेसमध्ये आहे, टेन्शन नको.

१९ जून

दादा फोनवर फार हळू बोलतो. मधेच कोणी हाक मारली की फोन बंद. शिस्तीचा देश आहे.

आज त्याने विचारलं, "लावणी सुरू झाली का? फोन बाहेर ने ना जरा." मी फोन बांधावर नेला. आई, रुपा काकी, बारकी आत्या, सगळ्या वाकलेल्या, एकमेकींना चिडवत रोपं लावत होत्या. स्क्रीनवर तो हललाच नाही. मला वाटलं रेंज गेली. मग दिसलं की तो बघतोय.

६ जुलै

दादा म्हणाला, "निशे, ते प्रश्न परत विचार ना."

"आता कशाला?"

"असंच. इथं रस्त्यावर पन विचारतात कधी कधी."

मग मी विचारले, सगळे, वाकडेसुद्धा. त्याने एक शब्द चुकवला नाही. णसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं. एवढ्या कामातूनही माझी मेहनत विसरला नाही.

३० जुलै

आठवडा झाला, फोन नाही. हरेश सर उचलत नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

आदिवासी दिन. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, प्रत्येक पाड्याचा फ्लेक्स. यंदा राखी पण आजच आलीय. मोबाइल समोरच ठेवला होता, दादा आज तरी करील.

दुपारी बाहेरच्या देशाचा नंबर. दादा नव्हता. बिहारचा कोणी पोरगा, त्याच्याबरोबर काम करणारा.

"दीदी, भगीरथ भाई का हाथ कट गया."

पंधरा दिवसांपूर्वी. फळी कापायच्या मशिनवर. उजवा हात, तीन बोटं. मशिनचं झाकण आधीच तुटलेलं होतं. मालकाने गाडीत घालून दवाखान्याच्या गेटपाशी उतरवला आणि गाडी निघून गेली. नंतर पोलीस आले.

बुद्धभूषण सरांनी माझ्यासमोरचा कॉम्प्युटर बंद केला. बाहेर मिरवणुकीतला तारपा वाजत होता.

१० ऑगस्ट

आईला बोटांचं सांगितलं नाही. बाला सांगितलं. तो गोठ्यात जाऊन बसला, दुपारपर्यंत बाहेर आला नाही.

१४ ऑगस्ट

कारखान्याचा नंबर त्या पोराने दिला होता. लावला. मी इंग्रजी जुळवून जुळवून बोलले. पलीकडचा माणूस ऐकत राहिला, मग एकच वाक्य म्हणाला. या नावाचा माणूस आमच्याकडे कामाला नव्हता.

कल्याणला गेले. हरेश सरांच्या ऑफिसात आता मोबाइलची कव्हरं विकतात.

१८ ऑगस्ट

आपल्या तिकडच्या दूतावासात फोन लागला. साहेब नीट बोलले, घाई केली नाही. दादा इमिग्रेशनच्या कोठडीत आहे. जखम भरतेय. पासपोर्ट नाही, म्हणून नवा कागद करून पाठवावा लागेल, वेळ जाईल.

मी म्हटलं, तो तिथे कामाला होता सर, मालकाच्या मशिनवर झालंय, त्याची भरपाई मिळेल ना? त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला.

"काम करत होता असं त्याच्या जबाबात नाही. डॉक्टरलाही आणि पोलिसांनाही त्याने एकच सांगितलंय. फिरायला आलो होतो, दारात हात सापडला."

"पण मशिनने कापलंय. डॉक्टरला दिसलं असेल ना?"

"दिसलं असेल. पण लिहिलं जातं ते माणसाने सांगितलेलं. तो बोलायला तयार असेल तर आम्हाला कळवा, आम्ही विचारू."

२७ ऑगस्ट, गणपती

आज त्याला फोन करू दिला. फार थोडा वेळ. मी पहिलंच वाक्य ते बोलले.

"दादा, खरं सांग त्यांना. कामाला होतास सांग."

"नाय."

"अरे, मालक सुटतोय त्याने."

"निशे," तो म्हणाला, शांतपणे, लहान पोरीला सांगावं तसं, "तूच बोललीस ना, शब्द बदलायचा नाय. आता बदलला तर म्हनतील पयला खोटा बोलला, अजून ठेवतील. मला घरी यायचंय गो."

मग कोणीतरी त्याच्या हातून फोन घेतला.

२८ ऑगस्ट

मी त्या माणसाला समुद्र दिला. लग्न दिलं, बहीण दिली. त्याला चुकून काही झालं तर काय म्हणायचं, ते दिलं नाही.

हे लिहून पण मला वाटतंय वाक्य चांगलं झालं. थू.

१५ सप्टेंबर

काही नाही. कागद झालेला नाही.

७ ऑक्टोबर

दादा आला.

बा आयुष्यात पहिल्यांदा एअरपोर्टवर आला, स्वच्छ टोपी घालून. काचेच्या दारातून माणसं येत होती, ट्रॉल्या, फुगे. दादा शेवटी आला, हातात प्लास्टिकची पिशवी. उजवा हात खिशात. बाने पुढे होऊन पिशवी घेतली आणि मग खिशातला हात बाहेर काढला, जसा लहानपणी काटा काढायला धरायचा तसा. बघितला. परत हळूच खिशात ठेवला.

त्या देशात आता त्याला परत जाता येणार नाही. तसा शिक्का आहे.

घरी आईने हात बघितला. ती रडेल असं वाटलं होतं. तिने भात कालवला आणि भरवायला लागली. त्यानेही खाल्ला, शेजारी बघत होते तरी.

रुपा काकीने विचारलं, "कुठं होतास रे बाबा? काय झाला हाताला?"

"फिरायला गेलतो," दादा म्हणाला. "दारात सापडला."

१३ ऑक्टोबर

चौकीत तक्रार देऊया म्हटलं, हरेशवर. नाही म्हणतो. पाड्यात कोणालाच खरं सांगितलेलं नाही. आता त्याला मलेशिया म्हणत नाहीत. खरं तर काहीच म्हणत नाहीत. ओट्यावर बसलेला दिसला की पोरं दुसऱ्या वाटेने जातात.

डाव्या हाताने रंधा मारून बघितला. फळी सरकली. रंधा परत पेटीत ठेवला, पातं पुसून.

२ नोव्हेंबर

दादा दुपारी गोठ्यात झोपतो, शेळ्यांत. बोलवायला गेले तर उताणा पडून वर बघत होता. वर फ्लेक्स. कोटातला तो, दोन टॉवर, विमान. गोठ्यातल्या धुराने पिवळा पडलाय.

मी म्हटलं, "बाला सांगते, काढून टाकूया."

"राहू दे. चांगला होता गो हा फ्लेक्स."

मला कळलं नाही.

"ह्याने मला परत आनला होता," म्हणाला. "दुसऱ्या वेळी कोनी नाय अडवला."

मी गोठ्याच्या दारात उभी राहिले. आठ महिने मी ह्याच फ्लेक्सची माफी मागत होते, मनातल्या मनात. आणि त्या प्रश्नोत्तरांचा मला अभिमान होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जैतू दुकानात आला. इकडेतिकडे बघून हळू आवाजात बोलला.

"हॉटेलचं बुकिंग छापून पायजे. आन ते प्रश्न शिकव ना, भगीला शिकवलेस तसे. तो फस्क्लास गेलता, हरेश सर बोलला."

"कुठे चाललास?"

"तिकडंच. फर्निचर. हरेश सरचा नवा नंबर हाय, आता अंबरनाथला बसतो. पुढच्या सोमवारी तिकीट. मॅजिक विकून टाकली. कोनाला बोलू नको, फ्लेक्सबिक्स काय नाय."

"दादाचा हात बघितलास ना?"

"दारात सापडला त्याला कंपनी काय करनार? लक्ष नसतं त्याचं. माजं परमिट पंधरा दिवसांत होतंय, सर बोलला."

उद्या ये म्हटलं.

१८ नोव्हेंबर

सकाळी दादाला सांगितलं. जैतू चाललाय, हरेश नेतोय, मी शिकवावं म्हणतो.

दादा बराच वेळ डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा धरून बसला. मग उठला आणि माझ्याबरोबर दुकानात आला. फ्लेक्स काढायला लावला त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मशिनच्या मागे नाही, माझ्या बाजूला स्टुलावर बसला.

"फ्लेक्स कर," म्हणाला. "जैतूचा."

"तो मारील आपल्याला."

"मारू दे. इथंच मारील ना."

मी फाइल उघडली. तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. अभिनंदन, अभिनंदन. जैतू भाऊ यांची मलेशिया येथे फर्निचर कारखान्यात नोकरीसाठी निवड झाल्याबद्दल. नोकरीसाठी मोठ्या अक्षरात. त्याखाली: टुरिस्ट म्हणून रवाना. त्याखाली: मार्गदर्शक हरेश सर, नवा मोबाइल नंबर. हे सगळं लाल.

"स्टँडवर लावू," बुद्धभूषण सर मागून म्हणाले. "पोलीस चौकीच्या समोरचा खांब माझा आहे."

"स्टेटसला पन टाका सगळे," दादा म्हणाला. "त्याला टॅग करा. हरेशला पन पाठव."

आणि चौकीत तो स्वतः जाणार म्हणाला. आजच. कारखाना, माळा, मशिन, गाडी, सगळं सांगणार. मी विचारलं, मी येऊ का? म्हणाला, ये, पण बोलायचं नाही.

मग खालची पट्टी राहिली. "शुभेच्छुक एकच," तो म्हणाला. "मी." मी त्याचा जुना फोटो शोधायला लागले, कोटातला.

"तो नको. तोंड नको. हात टाक."

त्याने हात पांढऱ्या कागदावर ठेवला. मी मोबाइलने फोटो काढला. कॉम्प्युटरवर घेऊन मागचा कागद कापायला लागले. आजपर्यंत शेकडो हात कापलेत असे, जोडलेले, उंचावलेले, मिशीवर ताव मारणारे. कडेकडेने जायचं असतं, प्रत्येक बोटाच्या. हा लवकर झाला.

गोल चौकटीत तो नीट बसला. खाली बाच्या नावासकट लिहिलं, भगीरथ चांगो.

"अजून मोठा," दादा म्हणाला. "गाडीतून दिसला पायजे."

छापून झाला. उद्या सकाळी पहिली एसटी सुटायच्या आधी बांधणार. शिडी मी धरणार. गाठी दादा मारणार म्हणतो, डाव्या हाताने. आत्ता समोर बसून दोरीच्या तुकड्यावर सराव करतोय. सुटते. परत मारतो.